लेखन उडवण्याचा अधिकार मान्य. पण कारण न सांगण्याचा आणि ओळी बदलण्याचा अधिकार कुणी दिला?

गिरणाथडी

सर्वांना नमस्कार. खानदेशातल्या लिहित्या मंडळींचे जे ऑनलाइन समूह आहेत, मग ते व्हॉट्सअ‍ॅपवर असोत, फेसबुकवर असोत वा स्वतंत्र संकेतस्थळावर, तिथल्या नियंत्रकांच्या हाती किती अधिकार असावेत याविषयी आपणा सर्वांचे मत हवे आहे. माझे मत आधीच मांडतो. शिवीगाळ, दुसऱ्याचे चोरलेले लेखन, कुणाची खासगी माहिती, जातीधर्मावरून दिलेली चिथावणी हे सारे काढून टाकण्याचा अधिकार नियंत्रकाला असलाच पाहिजे. मात्र लेखन उडवल्यावर कारण न सांगण्याचा, आणि लेखकाला न विचारता त्याच्या ओळी बदलण्याचा अधिकार कुणालाही नसावा.

निमित्त असे की, पोळ्याच्या सुमारास एका संकेतस्थळावर मी अहिराणी कविता दिली होती. तिच्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

बैल इकाई गया, तरी पोया उना;
दावना खुटा तठेच शे, गोठा जुना.

दुसऱ्या दिवशी माझ्याच नावाखाली ‘बैल विकला गेला, तरी पोळा आला, दाव्याचा खुंटा तिथेच आहे, गोठा जुना’ असे वाचायला मिळाले. यमक गेले, बोली गेली आणि नाव मात्र माझेच राहिले. हे कुणी आणि का केले, असे मी प्रतिसादात नम्रपणे विचारले, तर तो प्रतिसाद अप्रकाशित झाला आणि माझे खाते वाचनमात्र झाले. आजतागायत एका ओळीचे उत्तर आलेले नाही. समूहाचे नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एका समूहाचा नाही.

सातपुडा_पायथा

संपूर्ण सहमत. कविता नाकारली असती तरी चालले असते. बदललेली कविता लेखकाच्या माथी मारणे हे नाकारण्यापेक्षा वाईट आहे.

केळीबाग_रावेर

भाऊ, तुमच्या कवितेचे जे झाले ते चुकीचेच झाले. परंतु मूळ मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. समूह म्हणजे कुणीतरी आपल्या घराचा ओटा गावाला बसायला मोकळा करून देणे होय. ओट्यावर कुणी बसावे, कोणता विषय काढावा हे घरधनी ठरवणार. संकेतस्थळाचे भाडे तो भरतो, रात्री-अपरात्री तांत्रिक अडचणी तो निस्तरतो, आणि पोलिसांचा फोन आला तर तोही त्यालाच येतो. सदस्याला पटत नसेल तर दुसरा समूह काढण्याची मुभा प्रत्येकाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलेच की. ज्यांना पहिल्याची चौकट मान्य नव्हती त्यांनी स्वतःचा मांडव घातला आणि तिथे लोकही आले.

गिरणाथडी

जिभाऊ, विद्रोहीचा दाखला तुम्ही दिलात हे बरे झाले, कारण त्या परंपरेमागे कित्येक वर्षांची चळवळ, संघटना आणि कार्यकर्ते उभे आहेत. एखाद्या शेतमजुराने किंवा शाळकरी मुलीने पहिली कविता लिहिली आणि ती उडवली गेली, तर ‘स्वतःचा मांडव घाल’ हे उत्तर तिला देता येत नाही. शिवाय समूह ज्या लेखनामुळे आणि वाचकांमुळे नावारूपाला येतो, ते लेखन सदस्यांचे असते. भाडे एकाने भरले म्हणून त्या लेखनावर त्याची मालकी येत नाही.

पांझराकाठ

मी धुळ्यात वकिली करतो. धाग्यात दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होण्याची शक्यता दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मधले अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे मुख्यतः शासनाच्या विरोधात मिळालेले संरक्षण आहे आणि त्यावरची बंधनेही कलम १९(२) मधल्या कारणांसाठी, कायद्यानेच घालावी लागतात. खासगी समूहाच्या नियंत्रकाने कविता उडवली म्हणून या कलमाखाली दाद मागता येत नाही. तेव्हा केळीबाग भाऊंचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने बऱ्याच अंशी बरोबर आहे.

परंतु ‘पोलिसांचा फोन अ‍ॅडमिनलाच येतो’ या भीतीने अनेक नियंत्रक गरजेपेक्षा जास्त कात्री चालवतात, आणि ती भीती आता बरीचशी निराधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ संदेश गुन्हा ठरवणारे कलम ६६अ असताना परिस्थिती खरोखर बिकट होती. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून अटक झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. पुढे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू वा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर, व्हॉट्सअ‍ॅप समूहाच्या अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. सदस्य घेणे आणि काढणे एवढेच त्याच्या हाती असते, मजकूर पडण्याआधी तो रोखण्याचा अधिकार त्याला नसतो, हा त्या निर्णयाचा एक आधार होता.

यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्यानंतर २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला इतरांचे संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. म्हणजे अधिकार वाढला. मजकुराच्या जागी ‘अ‍ॅडमिनने डिलीट केला’ एवढी नोंद नावासह राहते. कारणासाठी तिथे जागाच नाही.

कवितेत बदल करण्याचा मुद्दा मात्र अगदी निराळा आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार, लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी त्याच्या कृतीची मोडतोड झाली तर तो हरकत घेऊ शकतो. हा हक्क प्रताधिकार दुसऱ्याला दिल्यानंतरही लेखकाकडे राहतो. गिरणाथडी भाऊंनी हे प्रकरण न्यायालयात न्यावे असे मी सुचवत नाही. पण ‘सदस्य झालात म्हणजे बदल मान्य केलेत’ असे कुणी म्हणत असेल तर ते तितके सोपे नाही.

मेहरूणची_बोरं

वकीलसाहेब, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी जपून ठेवत आहे.

जंक्शन_भुसावळ

मी स्त्रियांसाठी एक लेखनसमूह चालवते, त्यामुळे आतापर्यंत न आलेली बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

बाहेरून पाहणाऱ्याला नियंत्रकाचा अधिकार दिसतो, काम दिसत नाही. पोरांचे डबे, स्वयंपाक आवरून रात्री मोबाइल हाती घ्यावा, तर कुणी दुसऱ्याची गाजलेली कविता स्वतःच्या नावावर टाकलेली असते. तिच्याखाली अभिनंदनांची रांग लागलेली असते. आता ती कविता काढावी तर टाकणारीचा मान जातो, ठेवावी तर मूळ कवीवर अन्याय होतो. एका ताईंनी घरातल्या दारूबद्दल लिहिले, तर रात्रीतून तिला परक्या पुरुषांचे खासगी संदेश सुरू झाले. तिने मला फोन केला तेव्हा ती रडत होती, आणि मी तिचे लेखन त्याच क्षणी काढले.

मला गिरणाथडी भाऊंना विचारायचे आहे की, या लेखनाखाली मी जाहीरपणे कोणते कारण लिहायला हवे होते? ‘लेखिकेच्या विनंतीवरून’ असे लिहिले तर ती घाबरली हे त्या पुरुषांना कळते. ‘तक्रारीवरून’ असे लिहिले तर तक्रार कुणी केली याचा शोध सुरू होतो. आपल्याकडे भुसावळ-जळगावात अर्धे गाव एकमेकांच्या नात्यातले असते. कारण सांगणे हे न्यायाचे असते असे तुम्ही गृहीत धरले आहे. काही वेळा तेच एखाद्या बाईला उघडे पाडते.

गिरणाथडी

ताई, तुमचा मुद्दा मी गांभीर्याने घेतो. तुमच्या उदाहरणात लेखन काढावे ही लेखिकेचीच इच्छा होती, तेव्हा तिथे जाहीर कारणाची मागणी मी करणार नाही. माझी मागणी अशी मांडतो: कारण लेखकाला तरी कळलेच पाहिजे, आणि त्याचे लेखन त्याला परत मिळाले पाहिजे. कित्येक जण थेट मोबाइलवर, समूहाच्या चौकटीतच लिहितात. त्यांच्याजवळ दुसरी प्रत नसते. लेखन उडाले म्हणजे ते कायमचेच गेले.

जंक्शन_भुसावळ

प्रत परत देण्याबद्दल पूर्ण सहमत आहे. मी उडवण्याआधी मजकूर लेखिकेला खासगीत पाठवते. कारणाबद्दल अजून बोलायचे आहे, पण आधी इतरांचे ऐकते.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर

अमळनेरचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे मागचे सांगतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे त्यांचा ‘पत्री’ हा कवितासंग्रह आला आणि त्यातल्या देशभक्तीच्या कवितांचा लोकांवरचा प्रभाव पाहून इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. त्याआधीही १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने केवळ देशी भाषांतल्या पत्रांना वेसण घातली होती. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती.

जप्ती आणि अ‍ॅडमिनचे डिलीट यांत मोठा फरक आहे, हे मला मान्य आहे. एकामागे तुरुंग होता, दुसऱ्यामागे नाही. मात्र १८७८ च्या कायद्यातली एक गोष्ट आजही विचारात घेण्यासारखी आहे. त्या कायद्याचा आधार असा होता की, सत्ताधाऱ्यांना परकी असलेली भाषा संशयास्पद असते. अहिराणीतल्या ओळी प्रमाण मराठीत ‘सुधारणारा’ नियंत्रक दुष्ट नसेल, कदाचित तो मनापासून मदतच करत असेल. पण बोलीत लिहिलेले ते अपुरे, असे तो गृहीत धरतो आणि त्यामुळे त्याला विचारण्याची गरजही वाटत नाही.

चोपडा_रोड

गुरुजींशी सहमत. बहिणाबाईंनी अहिराणीत रचलेल्या गाण्यांवर असा एखादा नियंत्रक बसला असता तर महाराष्ट्र केवढ्या ठेव्याला मुकला असता!

आसोद्याची_वाट

थोडे अवांतर, पण आवश्यक. बहिणाबाईंची गाणी अहिराणीत नाहीत. ती लेवा गणबोलीत आहेत. खानदेश म्हटला की अहिराणी, हा समज खानदेशाबाहेर तर आहेच, पण आपल्यातही आहे, आणि यावल-रावेर-जळगाव पट्ट्यातल्या आम्हा लोकांना तो वारंवार दुरुस्त करावा लागतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि घरातल्या माणसांनी टिपून ठेवली, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. टिपणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी बोली बोलीच राहू दिली, हे या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. संपादन तिथेही झालेच असणार. निवड झाली असणार, क्रम लावला असणार. म्हणून ‘संपादनच नको’ असे म्हणणाऱ्यांच्या मी बाजूने नाही.

चोपडा_रोड

धन्यवाद, ताई.

बोरीकाठ

आतापर्यंतची चर्चा भाषेभोवती फिरली आहे. मी माझा अनुभव सांगतो, तो आशयाबद्दलचा आहे.

माझ्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर ज्या शब्दांनी हाक मारली जात असे, ते शब्द मी एका आठवणपर लेखात जसेच्या तसे लिहिले होते. लेख तासाभरात उडाला. कारण कळवले गेले, हे नमूद करतो: ‘जातिवाचक शब्दांचा वापर, समूहाच्या नियमांचा भंग.’ नियम चांगल्या हेतूने केला होता आणि तो कागदावर सर्वांना सारखाच लागू होता. परंतु परिणाम असा झाला की, शिवी देणाऱ्यांबद्दल समूहावर चकार शब्द निघाला नाही आणि ज्यात जखमेचे वर्णन होते तो लेख नियमभंग ठरला. मी नियंत्रकांना विचारले की, हे शब्द गाळून ती आठवण कशी लिहावी? त्यांनी फुल्या घालण्याचा सल्ला दिला. माझ्या आजोबांना कुणी फुल्यांनी हाक मारली नव्हती.

त्यामुळे गिरणाथडी भाऊ, केवळ कारण सांगितल्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. मला कारण मिळाले होते. त्या कारणाविरुद्ध बोलण्याची जागा मिळाली नव्हती.

पांझराकाठ

बोरीकाठ भाऊ, तुमच्या नियंत्रकांच्या मनात १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमाची धास्ती असावी असा माझा अंदाज आहे. तो कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा, त्या जाती-जमातींबाहेरच्या माणसाने, लोकांदेखत हेतुपुरस्सर केलेला अपमान शिक्षेस पात्र ठरवतो. स्वतःच्या घराण्याने सोसलेल्या अपमानाची नोंद करणाऱ्याला अडवण्यासाठी तो केलेला नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत नेमकी ही तरतूद आहे. ज्या समाजमाध्यमांचे भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्यांनी स्वतःहून मजकूर काढायचा असेल तर आधी वापरकर्त्याला कारणांसह कळवावे आणि त्याला हरकत घेण्याची वाजवी संधी द्यावी, असे ते नियम सांगतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यावी आणि साधारणपणे १५ दिवसांत निकाल द्यावा, अशीही मुदत मूळ २०२१ च्या नियमांत होती. ही बंधने त्या कंपन्यांवर आहेत. त्यांच्या आधारे चालणाऱ्या समूहाच्या अ‍ॅडमिनवर नाहीत. पण एवढ्या अवाढव्य कंपनीकडून जी अपेक्षा कायदा करतो, ती दोनशे माणसांच्या समूहाने स्वेच्छेने पाळायला काय हरकत आहे?

केळीबाग_रावेर

हरकत वेळेची आहे, वकीलसाहेब. कंपनीकडे पगारी माणसे असतात. इथे कापणीच्या दिवसांत केळीचे ट्रक भरून घरी आलेला माणूस समूह सांभाळतो. त्याला प्रत्येक उडवलेल्या प्रतिसादासाठी सुनावणी घ्यायला लावली, तर तो समूहच बंद करील, आणि मग उडवायलाही काही उरणार नाही.

बोरीकाठ भाऊंचा लेख मात्र राहायलाच हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरणाथडी

प्रत्येक प्रतिसादाची सुनावणी कुणीच मागत नाही, जिभाऊ. ‘छान’, ‘वाहवा’ किंवा सकाळच्या शुभेच्छांची चित्रे उडवल्याबद्दल कुणी भांडणार नाही. कविता, कथा, लेख अशा स्वतंत्र लेखनापुरते बोलू. असे लेखन उडवण्याची वेळ किती वेळा येते?

केळीबाग_रावेर

फार क्वचित येते. तेवढ्यापुरते असेल तर मला मान्य आहे.

तोरणमाळ

मी धडगाव तालुक्यातला आहे आणि पावरी या आदिवासी बोलीत लिहितो. आमचे लेखन कुणी उडवत नाही आणि बदलतही नाही. ते ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ राहते. ज्या समूहांवर आधी तपासून मग प्रकाशित करण्याची पद्धत आहे, तिथल्या नियंत्रकांना पावरी वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते प्रसिद्ध करण्याचे धाडस ते करत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. न समजलेल्या मजकुराची जबाबदारी कुणी का घ्यावी? पण होळीवर लिहिलेले गाणे पावसाळा उलटला तरी प्रतीक्षेतच असते. नकार आला तर निदान भांडता येते. इथे नकारही येत नाही. आपण सगळे उडवलेल्या लेखनाबद्दल बोलत आहात, तेव्हा कधीच न दिसलेल्या लेखनाचाही विचार व्हावा, एवढेच सुचवतो.

सातपुडा_पायथा

दादा, मराठी अनुवाद सोबत जोडला तर मंजुरी मिळत नाही का?

तोरणमाळ

मिळते. पण मग अनेकदा अनुवादच वर छापला जातो आणि पावरी ओळी खाली, बारीक अक्षरांत राहतात.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर

तोरणमाळ दादांनी सांगितलेला प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात अन्याय करणारा कुणी सापडतच नाही. यावर उपाय माणसे वाढवणे हाच आहे. ज्या भाषांतले लेखन समूह स्वीकारतो, त्या प्रत्येक भाषेचा एक तरी जाणता नियंत्रक असावा. तो नसेल तर तसे आधीच जाहीर करावे, म्हणजे लिहिणारा वाट पाहत बसणार नाही.

जंक्शन_भुसावळ

मी सर्व प्रतिसाद शांतपणे वाचले आणि आमच्या समूहापुरते काय करणार ते सांगते. लेखिकेला विचारल्याशिवाय तिच्या लेखनातले एक अक्षरही बदलले जाणार नाही. दुरुस्ती सुचवायची असेल तर ती खासगीत सुचवली जाईल आणि तिने नाकारली तर लेखन तिच्या शब्दांतच राहील. स्वतंत्र लेखन काढायचे झाल्यास मी एकटी निर्णय घेणार नाही, दुसऱ्या एका सदस्येचे मत घेईन, आणि लेखिकेचे म्हणणे त्या दुसऱ्या सदस्येने ऐकायचे, कारण ज्या व्यक्तीने लेखन काढले तिच्याचकडे दाद मागायला लावणे योग्य नाही. बोरीकाठ भाऊंच्या अनुभवावरून आमचा आक्षेपार्ह शब्दांचा नियमही मी बदलून घेईन: शब्द कुणावर फेकला आहे की कुणाच्या तोंडचा म्हणून सांगितला आहे, हे पाहूनच निर्णय होईल.

एक मागणी मात्र मी मान्य करणार नाही. त्रास दिल्याच्या तक्रारीवरून कुणाला समूहाबाहेर काढले, तर त्याचे कारण समूहावर जाहीर होणार नाही, आणि त्या व्यक्तीला सांगतानाही तक्रार करणारीचा माग लागेल असा तपशील दिला जाणार नाही. एखाद्याला हा अन्याय वाटला तरी चालेल.

तोरणमाळ दादा, आमच्याकडे शहादा आणि धडगावकडच्या काही मुली आहेत, त्या मराठीतच लिहितात; बहुधा आपण नुकताच सांगितलेला अनुभव हेच त्याचे कारण असावे. पावरी लेखन आले तर ते वाचून देण्यासाठी आपल्या घरातली वा ओळखीची कुणी जाणती बाई सुचवाल का?

गिरणाथडी

ताई, तुमचा नकार मला मान्य आहे. ज्याला बाहेर काढले त्याच्या हक्कापेक्षा तिथे तक्रार करणारीची सुरक्षितता मोठी आहे.

तोरणमाळ

माझी बहीण शिक्षिका आहे, ती आनंदाने वाचून देईल. फक्त तिला एकटीला नेमू नका. तसे झाले तर पावरीतले काय चालेल आणि काय नाही, हे सारे एकाच घरातून ठरेल. धडगावच्याच दुसऱ्या गावातली आणखी एक मैत्रीण तिच्यासोबत असावी. आणि नवापूरकडून मावची बोलीतले लेखन आले, तर ते आम्हाला पूर्ण कळणार नाही. त्यासाठी तिकडचीच कुणी शोधावी लागेल. नवापूरचे कुणी हा धागा वाचत असेल तर कृपया इथेच कळवावे.